धवळे आणि धवले : साहित्यवर्गातील एकट्या आवाजाचा प्रश्न

१

साहित्याच्या वर्गात विद्यार्थ्याने एकट्याने उभे राहून एखाद्या साहित्यकृतीविषयी बोलावे, ही अपेक्षा आपल्या अभ्यासक्रमांत आता रूढ झाली आहे. उच्च माध्यमिक स्तरावर राज्य मंडळाच्या मराठीच्या परीक्षेत ८० गुण लेखी आणि २० गुण तोंडी अशी विभागणी गेली काही वर्षे चालत आली आहे. पदवी आणि पदव्युत्तर वर्गांतही अंतर्गत मूल्यमापनाच्या निमित्ताने ‘सादरीकरण’ हा शब्द रुळला आहे. मात्र या सादरीकरणाचे साहित्याच्या आकलनाशी नेमके नाते कोणते, याचा विचार आपल्या समीक्षेने फारसा केलेला नाही. तो अध्यापनशास्त्राचा प्रश्न आहे, समीक्षेचा नव्हे, असे आपण गृहीत धरले. त्या गृहीताची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

वर्गात जे प्रत्यक्ष घडते त्याचे सामान्यतः दोन प्रकार दिसतात. पहिल्या प्रकारात विद्यार्थी लेखकाचे जन्मगाव, ग्रंथसंपदा, पुरस्कार आणि एखाद्या मार्गदर्शकातून उतरवून घेतलेला आशय पाठ म्हणून दाखवतो. हे लेखी उत्तरच असते. फक्त ते तोंडाने दिलेले असते. दुसऱ्या प्रकारावर शिक्षक अधिक खूश असतात. त्यात वेशभूषा असते, पार्श्वसंगीत असते, पडद्यावर चित्रे सरकत असतात, आणि याला ‘कल्पक’ किंवा ‘सर्जनशील’ सादरीकरण म्हटले जाते. संत जनाबाईंवर बोलणारी विद्यार्थिनी जाते घेऊन येते. पण त्या अभंगाची रचना जात्याच्या फेऱ्याशी कशी बांधलेली आहे, याविषयी ती एक वाक्यही बोलत नाही. दोन्ही प्रकारांत संहिता बाजूलाच राहते. पहिल्यात ती माहितीखाली दबते, दुसऱ्यात सजावटीखाली.

तोंडी गुणांकडे पाहण्याचा आपला एकूण दृष्टिकोनही याला पोषक आहे. २०१८ साली दहावीच्या परीक्षेचा राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रम बदलला आणि भाषाविषयांचे २० अंतर्गत गुण रद्द झाले, निकाल ७७.१० टक्क्यांवर आला. पुढच्याच वर्षापासून ते गुण पुन्हा सुरू करण्यात आले. त्या वेळी झालेली चर्चा मुख्यतः टक्केवारीची होती. बोलण्यातून विद्यार्थ्याची भाषेची आणि साहित्याची कोणती समज प्रकट होते, जी लेखनातून प्रकट होऊ शकत नाही, हा प्रश्न त्या गदारोळात जवळजवळ कोणी उपस्थित केला नाही. तोंडी गुण म्हणजे पदरात टाकलेले गुण, हे दोन्ही पक्षांना मान्यच होते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे, की एकट्याचे मौखिक सादरीकरण ही समीक्षेचीच एक पद्धती आहे. बोलणाऱ्याला संहितेविषयी काही निर्णय घ्यावे लागतात आणि ते निर्णय ऐकू येतात, तेथे त्या सादरीकरणाची सर्जनशीलता असते. आणि हे निर्णय कोणाच्या आवाजात ऐकू येतात, कोणत्या बोलीत ऐकू येतात, हा या प्रश्नाचा सर्वांत नाजूक भाग आहे.

२

उच्चार हा अर्थनिर्णय असतो, ही जाणीव भारतीय काव्यशास्त्राला फार पूर्वीपासून आहे. ‘काकु’ या संज्ञेभोवती झालेली चर्चा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एकच वाक्य आवाजाच्या चढउताराने होकार, नकार, प्रश्न किंवा उपहास बनू शकते. या स्वरविकाराला काकु म्हणतात. रुद्रटाने काकूवर आधारलेल्या वक्रोक्तीला अलंकारांत स्थान दिले. आनंदवर्धनाने काकूने सूचित होणाऱ्या अर्थाचा विचार गुणीभूतव्यंग्याच्या संदर्भात केला. राजशेखराने मात्र ‘काव्यमीमांसे’त वेगळी भूमिका घेतली. काकु हा अलंकार नसून तो पाठाचा, म्हणजे पठणाचा धर्म आहे, असे त्याचे म्हणणे. याच ग्रंथात त्याने कोणत्या प्रदेशातील लोक काव्य कशा रीतीने म्हणतात याचेही वर्णन केले आहे. म्हणजे संहिता एक असली तरी पठण प्रदेशागणिक बदलते आणि ही गोष्ट काव्यविचाराच्या कक्षेतील आहे, हे त्याला मान्य होते. या भूमिकेचा पुरता लाभ आपल्या आधुनिक मराठी समीक्षेने घेतला असे म्हणता येत नाही. छापील पान हेच कवितेचे घर मानण्याची आपल्याला सवय झाली.

केशवसुतांच्या ‘तुतारी’चे उदाहरण घेऊ. १८९३ मधील ही कविता शाळा-महाविद्यालयांत ज्या रीतीने म्हटली जाते, ती पहिल्या ओळीपासून गर्जनेची रीत आहे. परंतु कवितेचा आरंभ लक्षपूर्वक पाहिला तर तेथे निवेदकाच्या हातात तुतारी नाहीच. ती कोणीतरी आणून द्यावी, असे तो म्हणतो आहे. हे म्हणणे विनंतीचे आहे, आज्ञेचे आहे, की ज्याच्याजवळ साधन नाही त्याच्या अधीरतेचे आहे? मुद्रित पान हा निर्णय लांबणीवर टाकू शकते. वर्गात उभा राहिलेला विद्यार्थी तो टाकू शकत नाही. त्याने ओठ उघडले की निर्णय झालेला असतो. जो आरंभीच गर्जतो, त्याने तुतारी आधीच मिळवलेली असते आणि मग पुढच्या कडव्यांतील चढण चढायला त्याच्याजवळ काही उरत नाही. आरंभ मागणीच्या सुरात करून आवाज हळूहळू चढवत नेणारा विद्यार्थी कवितेच्या रचनेविषयी जे सांगतो, ते सांगायला लेखी उत्तरात दोन परिच्छेद लागतील.

यावर कोणी म्हणेल, मग हा पाठांतराचा आणि काव्यगायनाचाच मार्ग झाला. तसे नाही. १९२३ साली पुण्यात स्थापन झालेल्या रविकिरण मंडळाने काव्यगायनाची जी लाट आणली, तिने कविता लोकांपर्यंत नेली हे निर्विवाद. पण चाल एकदा ठरली की ती कवितेच्या अर्थाला आपल्या मापात बसवते. वेगवेगळ्या भावस्थितींतल्या ओळी एकाच आर्त सुरात वाहू लागतात. आचार्य अत्र्यांच्या ‘झेंडूची फुले’ (१९२५) या विडंबनसंग्रहाचा रोख त्या काळच्या काव्यव्यवहाराच्या अशा लकबींवरही होता. पुढे विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांनी गावोगाव केलेली काव्यवाचने, किंवा पु. ल. देशपांडे आणि सुनीता देशपांडे यांनी बोरकरांच्या आणि मर्ढेकरांच्या कवितांची केलेली वाचने यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर कळते. तेथे चाल बाजूला ठेवली गेली आणि वाक्य, विराम व शब्दाचे वजन यांना प्राधान्य मिळाले. पु. ल. आणि सुनीताबाई स्वतः त्या कवितांचे कर्ते नव्हते, ही गोष्ट येथे विशेष लक्षात घ्यावी. दुसऱ्याची कविता आपल्या आवाजात मांडणे हा त्यांचा व्यवहार होता, आणि साहित्याच्या वर्गातील विद्यार्थ्याचीही तीच परिस्थिती असते.

३

एकट्याने उभे राहून संहिता मांडण्याचे घडीव रूपबंध आपल्या परंपरेत आहेत. त्यांचा वर्गाला होणारा उपयोग नकलेपुरता मर्यादित नाही.

पहिला रूपबंध कीर्तनाचा. नारदीय कीर्तनात पूर्वरंगात एखाद्या पदाचे किंवा अभंगाचे निरूपण होते आणि उत्तररंगात आख्यान लावून तो विचार कथेतून उभा केला जातो. वारकरी कीर्तनकार एकच अभंग घेऊन चरणाचरणाने त्याचा अर्थ उलगडत जातो. दोहोंत एक शिस्त समान आहे : निरूपण कितीही लांब गेले तरी कीर्तनकाराला मूळ पदाकडे परत यावे लागते, आणि दर वेळी ते पद श्रोत्याला थोडे वेगळे ऐकू येते. पंधरा मिनिटांच्या सादरीकरणासाठी याहून चांगला आराखडा सांगता येणार नाही. विद्यार्थ्याने संपूर्ण कादंबरी ‘कव्हर’ करण्याऐवजी एक उतारा निवडावा, तो तीन-चार वेळा वाचावा आणि दोन वाचनांच्या मध्ये जे बोलेल त्यामुळे पुढचे वाचन बदलले पाहिजे, एवढी अट घालावी. वाचन बदलले नाही, तर मधले बोलणे त्या उताऱ्याविषयी नव्हते, हे श्रोत्यांनाही कळते.

दुसरा रूपबंध एकपात्री प्रयोगाचा. ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक १९५८ चे. १९६१ पासून पु. ल. देशपांड्यांनी त्याचे एकट्याने प्रयोग केले. चाळ हा समूह आहे, आणि हा समूह एका देहातून बोलू लागला की पुस्तकातील एक गोष्ट ठळक होते : या बिऱ्हाडांच्या भिंती सामाईक आहेत, त्यांची स्वप्ने आणि फजित्याही सामाईक आहेत. अनेक नटांनी मिळून ही चाळ उभी केली असती तर हा सामाईकपणा विखुरला असता. लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ या एकपात्री प्रयोगात ५२ व्यक्तिरेखा उभ्या केल्या, तेव्हा मराठवाड्याची बोली राज्यभरच्या आणि परदेशांतल्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचली. मात्र येथे एक शंकाही नोंदवली पाहिजे. बोलीला आपल्या व्यासपीठांवर प्रवेश मिळाला तो पुष्कळदा विनोदाच्या दाराने. बोली ऐकू आली की हसायचे असते, असा प्रेक्षकाचा संस्कार त्यातून घट्ट झाला. या शंकेकडे पुढे यायचे आहे.

एकपात्रीचा उपयोग केवळ विनोदी गद्यासाठी आहे असेही नाही. दया पवार यांच्या ‘बलुतं’ (१९७८) या आत्मकथनाची रचना आठवावी. तेथे दगडू मारुती पवार आपली कथा दया पवार यांना सांगतो; म्हणजे सांगणारा आणि ऐकणारा एकाच व्यक्तीची दोन रूपे आहेत. लेखी उत्तरात विद्यार्थी ‘निवेदकाचे द्विभाजन’ अशी संज्ञा वापरून मोकळा होतो. एकट्याने हा भाग सादर करताना मात्र त्याला ठरवावे लागते की या दोन आवाजांत अंतर किती ठेवायचे. दोन आवाज फार वेगळे केले तर ती दोन माणसे होतात आणि पुस्तकातील वेदनेचे मूळच हरवते. एकच ठेवले तर शहरातल्या सुशिक्षिताला आपलेच गावकुसाबाहेरचे बालपण ऐकावे लागते, हा ताण हरवतो. या अंतराचा शोध म्हणजेच त्या पुस्तकाच्या रूपबंधाचा शोध आहे.

४

आता आवाज कोणाचा, या प्रश्नाकडे वळू. त्यासाठी ठाणे जिल्ह्यातील भिवंडी तालुक्याचा, विशेषतः दापोडे, माणकोली, काल्हेर या पट्ट्याचा विचार करू. जेथे भातशेती होती तेथे आज गोदामांच्या रांगा आहेत. कंटेनरांची वर्दळ आहे. या गावांतील आगरी कुटुंबांतली मुले भिवंडी, ठाणे, कल्याण येथील महाविद्यालयांत शिकतात. त्यांच्या घरच्या बोलीत प्रमाण मराठीतील ‘ळ’चा सामान्यतः ‘ल’ होतो आणि ‘ण’चा ‘न’. साहित्याच्या वर्गात सादरीकरणासाठी उभे राहताना या विद्यार्थ्यापुढचा पहिला प्रश्न कवितेच्या अर्थाचा नसतो, जिभेचा असतो. मूल्यमापनाच्या कसोट्यांत ‘शुद्ध उच्चार’ हे कलम असते, आणि ते कलम त्याच्या घराविषयी काहीतरी बोलत असते.

याच विद्यार्थ्याला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात महदंबेची ओळख करून दिली जाते. तेराव्या शतकातील ही महानुभाव कवयित्री मराठीतील आद्य कवयित्री मानली जाते आणि तिचे ‘धवळे’ प्रसिद्ध आहेत. धवळे म्हणजे लग्नप्रसंगी गायची गीते. रिद्धपूर येथे गोविंदप्रभूंच्या विवाहाचा जो लीलारूप सोहळा झाला, त्या प्रसंगी महदंबेला ती स्फुरली. त्यांचा विषय श्रीकृष्ण-रुक्मिणीचा विवाह. पूर्वार्ध प्रसंगी उच्चारलेला आणि उत्तरार्ध नंतर रचलेला, असे परंपरा सांगते. म्हणजे मराठीतील आद्य कवयित्रीची कविता हीच मुळात एका बाईने लोकांसमोर, एका विशिष्ट प्रसंगी केलेले मौखिक सादरीकरण आहे. आपल्या वर्गात तिचे एका गुणाच्या प्रश्नाचे उत्तर झाले आहे.

आता दुसरी बाजू पाहू. आगरी समाजाच्या लग्नांत धवलारीण असते. लग्नविधीच्या निरनिराळ्या टप्प्यांवर ती धवले गाते. पूर्वी पुष्कळ ठिकाणी विधी तिच्या धवल्यांच्या आधारानेच पुढे सरकत. तिची संहिता तिच्या स्मरणात असते. नामसाम्यावरून महदंबेचे धवळे आणि हे धवले यांच्यात सरळ वंशसंबंध जोडणे घाईचे होईल. परंतु प्रसंग एक आहे, गाणारी स्त्री आहे, आणि शब्द एकच आहे. फरक एका अक्षराचा आहे. संस्कृतातील ‘धवल’ शब्दात ‘ल’च आहे, हे लक्षात घेतले तर येथे शुद्ध कोणते आणि अशुद्ध कोणते, हा प्रश्नच निकाली निघतो. तरीही महदंबेवर बोलताना दापोड्याच्या विद्यार्थिनीच्या तोंडून ‘धवले’ असा उच्चार झाला तर वर्ग तो दुरुस्त करील, आणि ती दुरुस्ती होताच तिच्याजवळ असलेला या कवितेचा एकमेव जिवंत पुरावा वर्गाबाहेर जाईल.

या विद्यार्थिनीचे सादरीकरण कसे असू शकेल? तिने धवलारणीची साडी नेसून यावे, असे सुचवायचे नाही. तिने आपल्या गावातील लग्नात ऐकलेल्या धवल्यांच्या आधाराने महदंबेच्या संहितेला काही प्रश्न विचारावेत. या रचनेत इतकी पुनरुक्ती का आहे? छापील पानावर ती पाल्हाळ वाटते; मांडवात, जेथे अर्धे लोक बोलत असतात आणि अर्धे कामात असतात, तेथे तीच पुनरुक्ती श्रोत्याला गीतात परत आणते. वॉल्टर ऑन्ग यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात मौखिक संस्कृतींच्या अभिव्यक्तीतील पुनरावृत्तीचे असेच विवेचन केले आहे. पण ऑन्ग न वाचलेल्या या मुलीला ते कानाने माहीत असू शकते. गीतातले संबोधन कोणाला आहे? देवाच्या लग्नाचे गीत माणसांच्या लग्नाची भाषा का वापरते? एक कडवे तिने धवल्याच्या ढंगात म्हणून दाखवावे, मग तेच गद्यासारखे वाचावे आणि दोहोंत काय मिळाले व काय गेले ते सांगावे. तुलना म्हणतात ती याहून वेगळी नसते.

येथे बहिणाबाई चौधरींचा दाखला अपरिहार्य आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या या कवयित्रीच्या रचना इतरांनी टिपून ठेवल्या, १९५२ मध्ये त्या अत्र्यांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाल्या, आणि तेव्हापासून खानदेशातील बोली पाठ्यपुस्तकांत सन्मानाने छापली जाते. सारे विद्यार्थी त्या बोलीचे सौंदर्य सांगणारी उत्तरे प्रमाण मराठीत लिहितात. बोली पानावर असेल तर ती सौंदर्य ठरते आणि विद्यार्थ्याच्या तोंडात असेल तर दोष, ही विसंगती आपल्या साहित्यशिक्षणाने कधी तपासली नाही. एकट्याचे सादरीकरण ती विसंगती उघडी पाडते, कारण तेथे पान आणि तोंड एकाच जागी येतात. विनोदाच्या आश्रयाशिवाय, गंभीर अर्थविवेचनाची भाषा म्हणून बोली ऐकून घ्यायची तयारी आपल्या वर्गांची आहे का, याची ती कसोटी आहे.

५

या प्रतिपादनावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा, की अशा पद्धतीत ज्याच्याजवळ आवाज आणि अभिनय आहे तो पुढे जाईल आणि अबोल पण मर्मज्ञ वाचक मागे पडेल. आक्षेप गंभीर आहे. त्याचे उत्तर मूल्यमापनाच्या कसोटीत शोधावे लागेल. आवाजाचा दर्जा न मोजता उच्चाराचे कारण विचारले पाहिजे. ‘ही ओळ अशी का म्हटली? आणखी कशी म्हणता आली असती? तशी का म्हटली नाही?’ हे तीन प्रश्न प्रत्येक सादरीकरणानंतर विचारले, तर हळू आवाजात, अडखळत वाचणारा विद्यार्थीही आपला निर्णय सांगू शकतो, आणि आवेशाने म्हणणारा पण निर्णयच न घेतलेला विद्यार्थी उघडा पडतो.

दुसरा आक्षेप प्रमाणभाषेचा. विद्यार्थ्याला प्रमाणभाषेवर प्रभुत्व नको का? हवेच, पुढचे शिक्षण आणि नोकरी यांसाठी ती त्याच्या हक्काची गोष्ट आहे, आणि ती नीट न शिकवता बोलीचे केवळ कौतुक करणे हीही एक प्रकारची वंचनाच होय. पण प्रमाणभाषा शिकवण्यासाठी लेखी परीक्षेचे ८० गुण उपलब्ध आहेत. उरलेल्या २० गुणांत विद्यार्थ्याच्या कानावर जे संस्कार आहेत त्यांना साहित्याच्या आकलनात कामाला लावता आले, तर त्यात प्रमाणभाषेची हानी नाही. निरूपण प्रमाणभाषेत आणि उद्धृत उच्चार बोलीत, असे मिश्रण कीर्तनकार आणि कथाकथनकार सहज करत आले आहेत.

या दोन्ही आक्षेपांचा विचार करता शिक्षकाची भूमिका बदलावी लागते. तो उच्चार सुधारणारा न राहता उच्चाराचा अर्थ विचारणारा होतो, आणि त्यासाठी त्याला स्वतःला संहिता मोठ्याने वाचावी लागते. आपल्या विद्यापीठीय परंपरेत कवितेवर तासन् तास बोलणारे अनेक प्राध्यापक झाले. कविता आधी पूर्ण वाचून दाखवणारे तुलनेने थोडे. राजशेखराने पठणाला काव्यविचारात जागा दिली होती. ती जागा पुन्हा मिळवायची, तर अभ्यासक्रमात नवे प्रकरण घालण्याची गरज नाही. तोंडी परीक्षेच्या गुणपत्रिकेतील ‘शुद्ध उच्चार’ हे कलम काढून तेथे ‘उच्चाराचे समर्थन’ असे कलम घातले, तरी दापोड्याची विद्यार्थिनी महदंबेविषयी ‘धवले’ म्हणत बोलू लागेल आणि तिला का तसे म्हणायचे आहे, हे ऐकण्यासाठी वर्गाला थांबावे लागेल.